वॉर्डातलं काम वॉर्डातच शिकावं लागतं

ताई, बारावी झालेल्या मुलीला खानापुरात राहूनच ऑनलाइन नर्सिंगची डिग्री करता येईल का आणि मग प्रॅक्टिकल कुठे होतं, असं तुम्ही विचारलंत. मी बेळगावात वॉर्डात काम करते, म्हणून कळकळीने लिहिते.

आपल्याकडे बारावीनंतरचं बी.एस्सी. नर्सिंग ऑनलाइन होत नाही. चार वर्षं, आठ सेमिस्टर, कॉलेजात हजर राहूनच. 'घरबसल्या नर्सिंग' म्हणून कोणी फी मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन नोकरीत असलेल्यांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरचा डिग्रीचा, कोर्स आहे, पण त्यातही प्रॅक्टिकल केंद्रावर जाऊनच करावं लागतं.

अमेरिकेत नर्सिंगची डिग्री ऑनलाइन होते, असं उदाहरण काहीजण देतात. तिथेही फक्त थिअरी ऑनलाइन असते. क्लिनिकलसाठी, म्हणजे पेशंटजवळच्या प्रत्यक्ष कामासाठी, बहुधा घराजवळचं हॉस्पिटल ठरतं, कॉलेज त्यांच्याशी करार करतं, एक अनुभवी नर्स प्रिसेप्टर, म्हणजे काम शिकवणारी मार्गदर्शक, म्हणून सोबत असते आणि तासांची नोंद होते. शिवाय असे बरेचसे कोर्स आधीच परवाना असलेल्या नर्सेससाठी असतात. हातात शीर सापडणं, घाबरलेल्या म्हाताऱ्याला सलाईन लावताना त्याचा हात धरून ठेवणं, हे व्हिडिओ बघून येत नाही हो.

आणि मुलीला कन्नड बोलायची सवय आत्तापासूनच लावा. आमच्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारी कन्नड. 'कुठे दुखतंय' हे दोन्ही भाषांत विचारता आलंच पाहिजे.