आजोबांचं वेस्ट एंड घड्याळ : किंमत किती? शनिवारच्या आत उत्तर हवंय

खाडीपलीकडे : आजोबांचं मनगटी घड्याळ माझ्या वाट्याला आलंय. वेस्ट एंड कंपनीचं, सोवार प्रायमा मॉडेल, १९४६ चं. मुंबईहून एक जण शनिवारी गुहागरला येतोय, पाच हजार देतो म्हणतो. देऊन टाकू का? लवकर सांगा.

टिकटिक : फोटो कुठाय? चालू आहे का? केस स्टीलची की मुलाम्याची? आणि १९४६ कशावरून?

खाडीपलीकडे : रेंज नाही, फोटो चढत नाहीये. चावी दिली की चालतं, पण दिवसाला वीस मिनिटं मागे पडतं. स्टेनलेस स्टीलचं आहे, मागे लिहिलंय तसं.

रामआळी : 'स्टेनलेस स्टील बॅक' असं तर नाही ना? तसं असेल तर फक्त झाकण स्टीलचं, बाकी केस बहुतेक पितळेची, वर क्रोमचा मुलामा. पट्टा अडकतो तिथे पिवळं दिसतं का बघा. आपल्या खाऱ्या हवेत नि घामात मुलामा तिथूनच सुटतो.

खाडीपलीकडे : हो, 'बॅक'च आहे. पिवळंही दिसतंय.

कौलारू : माझ्याकडे वडिलांचं एचएमटी जनता आहे, अजून रोज चावी देतो. एचएमटीने १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला घेतली. मी तर म्हणेन तेच घ्या, दुरुस्तीला सोपं.

टिकटिक : त्यांना घ्यायचं नाहीये हो, विकायचंय. खाडीपलीकडे, सहाच्या खाली तबकडीच्या अगदी कडेला काय लिहिलंय? भिंगातून वाचा.

खाडीपलीकडे : टी स्विस मेड टी.

टिकटिक : मग १९४६ विसरा. 'टी' म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगातलं. ही खूण तबकड्यांवर १९६० नंतर आली. त्याआधी अंधारात चमकायला रेडियमचा रंग लावत.

खाडीपलीकडे : आजी स्वतः सांगायची. १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यानंतर दोन वर्षांनी आजोबा तिथे लागले आणि पहिल्याच दिवाळीला हे घेतलं. आजी उगाच काही सांगणारी नव्हती.

रामआळी : टिकटिक, तुम्ही तबकडीचं वय घड्याळाला लावताय. तबकडी बदलतात की! सोवार प्रायमा १९४६ च्या आधीपासून मिळत होतं. घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या. आतल्या बाजूला जुने कारागीर दुरुस्तीची तारीख टोकाने कोरून ठेवत. घरी सुरीने उघडू नका.

कलमबाग : भावंडांची लेखी संमती घेतलीय का? आमच्याकडे दोन हापूस कलमांवरून नऊ वर्षं बोलणं बंद होतं.

दर्यासारंग : विकू नको रे. आज्याची वस्तू आसा ती. आणि पावसात लाकडी फडताळात ठेवू नको, बुरशी धरतली.

टिकटिक : उघडाल तेव्हा मशीनवरही वेस्ट एंडचं नाव आहे का ते पाहा. डुलणाऱ्या चक्राच्या मधोमध वीणेच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग असेल तर ते इन्काब्लॉक, घड्याळ पडलं तरी चक्राचा आस मोडू नये म्हणून. काट्यांवरचा जुना रंग मात्र कुणाला खरवडू देऊ नका. रेडियम असेल तर भुकटी श्वासातून आत जाते. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो, तो निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात.

खाडीपलीकडे : आज चिपळूणला जाऊन आलो. झाकणाच्या आत तीन खुणा आहेत : ३-५२, ११-५८, ६-७१. मशीनवर नाव आहे, वीणाही दिसली. घड्याळजी म्हणाले तबकडी नंतरची.

टिकटिक : ५२ ची खूण आहे म्हणजे मी चुकलो, आजींचं खरं असणार. तबकडी ७१ च्या दुरुस्तीत बदलली असावी. पण बदललेली तबकडी नि उडालेला मुलामा म्हटल्यावर संग्राहक हात आखडता घेतो. विकायचंच असेल तर पाच हजार वाईट नाहीत.

रामआळी : मला नाही पटत. वीस मिनिटं मागे पडतंय म्हणजे तेल सुकलं असणार. आधी सर्व्हिसिंग करा, मग भाव ठरवा. आणि ऑनलाइन कोण किती मागतंय ते पाहू नका, विकलं कितीला गेलं ते पाहा.

खाडीपलीकडे : त्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं. घड्याळ चिपळूणलाच सर्व्हिसिंगला ठेवलंय. आता वेगळं विचारतो : त्या काळातली सोवार प्रायमाची तबकडी कुणाकडे पडून आहे का? डागाळलेली असली तरी चालेल.