एक्सटीसी तुम्हाला कुठे भेटला? (अनुभव धागा)

परवा गाडीत 'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' लावलं होतं. मागच्या सीटवरून भाच्याने विचारलं, "मामा, हे कोण गातंय?" मी सांगायला लागलो ते घर आलं तरी संपेना. तेव्हाच ठरवलं, धागा काढायचा. या बँडवर मराठीत मनसोक्त बोलणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही, पण तुम्ही कुठे ना कुठे असणार याची खात्री आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनहून ब्रिस्टलकडे जाणाऱ्या रेल्वेवर स्विंडन लागतं. तिथल्या पोरांचा हा बँड. अँडी पार्ट्रिज आणि कॉलिन मोल्डिंग गाणी लिहायचे आणि गायचे, ड्रम्सवर टेरी चेंबर्स, कीबोर्डवर बॅरी अँड्रूज. 1979 मध्ये अँड्रूज बाहेर पडला आणि डेव्ह ग्रेगरी गिटार घेऊन आला. पहिला अल्बम 1978 चा 'व्हाइट म्यूझिक', शेवटचा 2000 चा 'वास्प स्टार'. एवढ्या वर्षांत ब्रिटनच्या पहिल्या दहात त्यांचं एकच गाणं पोचलं, तेही बरोबर दहाव्या नंबरावर. तेच परवा गाडीत वाजत होतं.

मला ते भेटले 2004 साली, लीड्सला शिकत असताना. घराजवळच्या चॅरिटी शॉपमध्ये जुन्या सीडींचा खोका असायचा, त्यात 'ड्रम्स अँड वायर्स' मिळाली. पहिलंच गाणं 'मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल'. आईवडील सांगतायत की नायजेलचं सगळं आम्ही ठरवलंय, ब्रिटिश स्टीलमध्ये त्याचं भविष्य पक्कं आहे, तो खूश आहे. नायजेल मात्र अख्ख्या गाण्यात स्वतः एक शब्द बोलत नाही. माझ्या बारावीच्या निकालाआधीच मी इंजिनिअर होणार हे आमच्या घरी ठरलं होतं. बाबांनी ते प्रेमाने ठरवलं होतं आणि मोल्डिंगने ते प्रेमही गाण्यात ठेवलंय, म्हणून तर ते इतकं लागतं. त्या रात्री मी ते गाणं किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. बोललो नेहमीचंच, पण बराच वेळ बोललो.

आता तुम्ही लिहा. आवडत्या गाण्यांची यादी नको, तुम्हाला हा बँड कसा भेटला आणि त्याने तुमचं काय केलं ते सांगा.

* * *

नायजेलचं नाव निघालं म्हणून लगेच लिहितोय. मी बारा वर्षं ढोलपथकात ताशा वाजवतो. ताशाने चाल धरायची आणि ढोलाने वजन टाकायचं, हे आमच्या हातात मुरलेलं असतं. पाश्चात्त्य ड्रम्समध्ये ती चाल बहुतेकदा हाय-हॅटवर असते, बारीक झांजेच्या आवाजात. 'नायजेल'मध्ये चेंबर्सने ती चाल टॉमवर, म्हणजे जाड आवाजाच्या ड्रमवर उतरवलीय. ढोलाने ताशाचं काम करावं तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात मांडीवर चुकत राहिला. दोन दिवस लागले पकडायला.

तो दणदणाटही बघा. लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम. याच दोघांनी पुढे पीटर गॅब्रिएलचा 1980 चा अल्बम केला, ज्याच्या ड्रम्सचा आवाज नंतर सगळ्या जगाने उचलला. आपला डेव्ह ग्रेगरी त्या अल्बमवर गिटारला आहे. एक्सटीसीचा 'ब्लॅक सी' हा अल्बम हेडफोन न लावता, मोठ्या स्पीकरवर ऐका. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

* * *

स्विंडनहून लिहिते. माझं माहेर डिचोली. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले इतके गोंयकार इथे आहेत की बसमध्ये कोकणी ऐकू आली नाही असा दिवस जात नाही. आम्ही 2011 मध्ये आलो. पहिली तीन वर्षं मी गोदामात रात्रपाळी केली आणि या गावाने कुठला बँड दिलाय याचा मला पत्ता नव्हता.

आमच्या शेजारचे आजोबा रेल्वे वर्क्समधून निवृत्त झालेले. एकदा गणपतीचे मोदक द्यायला गेले तर त्यांनी कपाटावरून एक रेकॉर्ड काढली. कव्हर गोल! इंजिनाच्या चाकासारखं. उभं ठेवायला गेलं की घरंगळतं, म्हणून त्यांनी दोन जाड पुस्तकांमध्ये अडकवून ठेवलं होतं. 'द बिग एक्सप्रेस', 1984. ते म्हणाले, यातलं शेवटचं गाणं ऐक, मग मी कुठे काम करत होतो ते तुला कळेल. ते गाणं म्हणजे 'ट्रेन रनिंग लो ऑन सोल कोल'. ड्रम्स आणि गिटारी मिळून इंजीन ओढतायत आणि शेवटाला ते दमत दमत थांबतं.

इथलं वर्क्स 1843 मध्ये सुरू झालं. एके काळी चौदा हजारांच्या आसपास माणसं तिथे राबायची. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजीन इथेच 1960 मध्ये बांधलं. 1986 मध्ये वर्क्स बंद पडलं, म्हणजे हा अल्बम आला तेव्हा दोनच वर्षं उरली होती. आता त्याच विटांच्या भिंतींत कपड्यांची दुकानं आहेत. आजोबा माझ्याबरोबर तिथे एकदाच आले. एका लोखंडी खांबाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, माझं बाक इथे होतं.

गावात या बँडचा गाजावाजा फारसा नाही. पण गावापासून गाडीने अर्ध्या तासावर अफिंग्टनची टेकडी आहे. तिच्यावर खडूच्या मातीने आखलेला तीन हजार वर्षं जुना पांढरा घोडा आहे, 'इंग्लिश सेटलमेंट'च्या कव्हरवरचा. मुलांना घेऊन गेले होते. जवळ गेलं की घोडा दिसत नाही, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. दरीपलीकडे गेलो तेव्हा धाकटा ओरडला, "आई, तुझ्या गाण्याचा घोडा!"

* * *

ताई, तुमचं वाचून मी घोड्याचे फोटो शोधत बसले.

मी शास्त्रीय गाणं शिकले. 2016 मध्ये एका कार्यक्रमात तानपुरे जुळले होते, तबलजी माझ्याकडे बघत होता आणि माझा सा लागेना. घसा ठीक होता. हात गार पडले होते आणि समोरच्या रांगेतले चेहरे जवळ जवळ येतायत असं वाटत होतं. मी उठून आत गेले. त्यानंतर मंचावर बसले नाही. लोक कारण विचारायचे आणि माझ्याकडे सांगण्याजोगं कारणच नव्हतं.

नवऱ्याच्या मित्राने मला पार्ट्रिजची गोष्ट सांगितली. मार्च 1982, पॅरिस. बँड नुकता कुठे मोठा होऊ लागला होता. कार्यक्रम सुरू झाला आणि सुरुवातीलाच हा माणूस गाणं सोडून आत निघून गेला. तेरा-चौदाव्या वर्षापासून त्याला डॉक्टरांनी व्हॅलियमच्या, म्हणजे मन शांत ठेवणाऱ्या गोळ्या दिलेल्या. काळजीपोटी बायकोने त्या टाकून दिल्या आणि इतक्या वर्षांची सवय एकदम तुटली. त्यानंतर अमेरिकेचा दौरा सुरू होतो न होतो तोच गुंडाळावा लागला. एक्सटीसीने पुन्हा कधी दौरा केला नाही. चेंबर्सला मंचावर वाजवायचं होतं, तो पुढच्या अल्बमच्या वेळी बाहेर पडला. किती जणांनी पार्ट्रिजला भित्रा म्हटलं असेल.

आणि तुम्हाला, मला प्रिय असलेली बहुतेक गाणी त्यानंतरची आहेत! 'ममर', 'स्कायलार्किंग', 'ऑरेंजेस अँड लेमन्स', 'नॉनसच', 'ॲपल व्हीनस' हे सगळे अल्बम. सगळी गाणी खोलीत बसून केलेली, एका एका स्वरावर वेळ घालवून. 'चॉकहिल्स अँड चिल्ड्रन' ऐका. कीर्ती फुग्यासारखी वर ओढतेय आणि गावच्या खडूच्या टेकड्या आणि स्वतःची मुलं पाय जमिनीवर धरून ठेवतायत असं तो गातो. आवाज इतका मोकळा लागलाय की मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

आता पहाटे साडेपाचला मी फोनवर एक बंदिश ध्वनिमुद्रित करते आणि चार शिष्यांना पाठवते. गाणं सुटलेलं नाही.

* * *

(वरच्या ताईंना मनापासून नमस्कार.)

मी मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करतो. माझी गोष्ट 'स्कायलार्किंग'ची, 1986. निर्माता टॉड रंडग्रेन. त्याने डेमो ऐकून गाण्यांचा क्रम आधीच लावला, उन्हाळ्याच्या दुपारपासून थंडीतल्या शेकोटीपर्यंत, जणू एक दिवस, एक वर्ष आणि एक आयुष्य. पार्ट्रिजचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं. तरी अल्बम असा बांधलाय की 'समर्स कॉल्ड्रन'मधून 'ग्रास' कधी सुरू झालं ते कळत नाही, किड्यांच्या आवाजातून तंतुवाद्यं उगवतात आणि आपण गवतात पडलेलो असतो.

पण वर्षानुवर्षं मला तो पातळ वाटायचा. खर्ज बसत नव्हता. मी स्पीकर हलवून पाहिले, वायरी बदलल्या, शेवटी माझ्या कानातच खोट आहे असं धरून चाललो. मग 2010 मध्ये नवी आवृत्ती आली आणि उलगडा झाला. मूळ काम चालू असताना कुठेतरी जोडणी उलटी झाली होती, त्यामुळे सगळ्या ध्वनीची पोलॅरिटीच उलटी. म्हणजे ड्रमचा ठोका पडला की स्पीकरच्या कागदाने बाहेर ढकलायचं, तो आत ओढला जात होता. जवळजवळ पंचवीस वर्षं जगाने हा अल्बम उलटा ऐकला आणि तरी त्याच्यावर जीव टाकला. जॉन डेंट या मास्टरिंग करणाऱ्याने ते पकडलं.

दुरुस्त प्रत लावली त्या रात्री मोल्डिंगचा बास पहिल्यांदा माझ्या छातीत वाजला. मी दिवा न लावता बसून होतो. ग्रेगरीने बांधलेली '1000 अंब्रेलाज'ची तंतुवाद्यं आली, पाऊस खाली खाली उतरत जावा तशी, आणि मला वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकल्याची जागा आठवली. दादरचा फलाट, जुलै महिना.

* * *

'डिअर गॉड'चं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून मी घेते. ते आधी 'ग्रास'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी उलटून वाजवलं तेव्हा लोकांनी उचललं आणि मग तिथे ते अल्बममध्ये घातलं. देवाला पत्र लिहायचं आणि पत्रातच सांगायचं की तू आहेस यावर माझा विश्वास नाही. मी देव मानते. घरी रोज पूजा होते. तरी धाकटा भाऊ आयसीयूत असताना बाहेरच्या बाकड्यावर मी हेच गाणं ऐकत होते, कारण मला देवाशी भांडायचं होतं आणि माझ्याकडे शब्द नव्हते. पार्ट्रिज स्वतः या गाण्यावर समाधानी नाही म्हणे. मला ते पुरेसं होतं. भाऊ बरा आहे आता, आणि आमची पूजाही चालू आहे.

* * *

आम्ही लालबागचे. आजोबा गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तो आमच्या घरात अजून संपलेला नाही. एक्सटीसीनेही एकदा आपल्या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध संप केला. त्याची तुलना मी गिरणी संपाशी करणार नाही. तिकडे कोणाच्या चुली विझल्या नाहीत. पण मला एक्सटीसीबद्दल आदर वाटायला लागला तो त्यांच्या त्या संपामुळेच.

'नॉनसच' 1992 चा. त्यातलं 'रॅप्ड इन ग्रे' सिंगल म्हणून काढायचं ठरलं आणि व्हर्जिन कंपनीने ते मागे घेतलं. कराराच्या अटी जाचक होत्या, एवढी वर्षं गाऊनही हाती पैसा नव्हता. हे म्हणाले, आता तुमच्यासाठी एकही गाणं ध्वनिमुद्रित करणार नाही. पाच-सहा वर्षं खरंच केलं नाही. ऐन उमेदीतली वर्षं! पार्ट्रिज घरी गाणी लिहीत राहिला. सुटका झाल्यावर 1999 मध्ये स्वतःच्या लेबलवर 'ॲपल व्हीनस' आला.

त्याचं पहिलं गाणं 'रिव्हर ऑफ ऑर्किड्स' आधी पाण्याच्या थेंबांनी सुरू होतं. मग तंतुवाद्याचा एक तुकडा, त्यावर दुसरा, मग तुतारीसारखी वाद्यं, आणि त्यावर एकात एक गुंतलेले आवाज. इतकी वर्षं अडवून ठेवलेलं पाणी सुटावं तसं. मी ते आजोबांना ऐकवलं होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "जिंकले का मग?" मी हो म्हणालो.

* * *

ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर राहिले! 1 एप्रिल 1985 ला याच मंडळींनी खोटी नावं घेऊन 1967 सालातला वाटावा असा '25 ओ'क्लॉक' हा छोटा अल्बम काढला, आणि तो ब्रिटनमध्ये त्यांच्या स्वतःच्या 'द बिग एक्सप्रेस'पेक्षा जास्त खपला. माझी नऊ वर्षांची लेक रोज शाळेच्या रिक्षात तेच गुणगुणते.

* * *

पुन्हा स्विंडनहून. गाणाऱ्या ताईंनी मला निरोपात विचारलं की ते परत कधी मंचावर आले का. पार्ट्रिज नाही आला. पण 2018 मध्ये मोल्डिंग आणि चेंबर्स इथल्या आर्ट्स सेंटरमध्ये वाजवायला बसले, दोघांच्याच नावाने. जेमतेम दोनशे खुर्च्यांचं सभागृह. मला एका रात्रीचं तिकीट मिळालं. शेजारच्या खुर्चीवर एक जपानी बाई होत्या, फक्त यासाठी विमानाने आलेल्या.

मोल्डिंग उभा राहिला तेव्हा त्याचे हात मला नीट दिसत होते. पहिल्या गाण्यात डावा हात जरा थरथरत होता. दुसऱ्यात थांबला. 'नायजेल' सुरू झालं, टॉमवर तीच चाल, आणि मी बाजूला बघितलं तर त्या बाई मांडीवर ठेका धरत होत्या, बरोबर.

आजोबांसाठी मी कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आले. ती आता त्या दोन जाड पुस्तकांमध्ये, चाकाला टेकवून ठेवलीय.