लक्षद्वीपची रिसॉर्टं : गोडं पाणी कुठून आणणार?

केळीवाला, रावेर
नमस्कार मंडळी. पुतण्याने हॉटेल मॅनेजमेंट केलंय, त्याला लक्षद्वीपला जायचंय. सुहेली आणि कडमत बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची रिसॉर्टं होणार, असं २०२३ साली जाहीर झालं. सुहेलीवर तर कायमची वस्तीच नाही. नोकरी चांगली, पण तिथं गोडं पाणी किती? आजोबांच्या विहिरीला ४० फुटांवर पाणी होतं. माझी बोअर ७०० फुटांवर गेली, तरी एप्रिलात केळी माना टाकते. म्हणून विचारतो.

भुसावळकर
दादा, मी कवरत्तीला, म्हणजे लक्षद्वीपच्या राजधानीच्या बेटावर, तीन वर्षं नोकरीला होतो. तिथं नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. उपसा वाढला की खालचं खारं वर येतं, नारळालाही ते सोसत नाही. आपली बोअर आटते, पण निदान खारी होत नाही. कवरत्तीत २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करतात, पण त्याला वीज लागते आणि ती बहुतांश डिझेलवर. डिझेल येतं जहाजाने. आणि सांडपाण्याचं काय? ते लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ समुद्रात गेलं तर प्रवाळ मरतं, आणि लाटा अडवतं ते प्रवाळच.

नंदुरबारची ताई
मला आधी जमिनीचं वाटतं. तिथले बहुतेक लोक अनुसूचित जमातीचे, आणि सगळी बेटं मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. आमच्या मणिबेलीची शेतं सरदार सरोवरात गेली, तेव्हा लोकांना सगळ्यात शेवटी विचारलं.

केळीवाला, रावेर
भाऊ, ताई, आभार. पोराला सांगतो, मुलाखतीत पगाराआधी पाणी आणि सांडपाण्याचं विचार.