भिंतीत साधा पाइप ओतू नका

जर्मनीत जलरोधक तळघर बांधताना पाणी, वीज आणि इंटरनेटच्या जोडण्यांसाठी सांडपाण्याचा नारिंगी पाइप भिंतीत ओतला तर चालेल का, हा आपला प्रश्न वाचला. माझे मत स्पष्ट आहे: तो वापरू नका. 'वायसे वान्ने' पद्धतीच्या तळघरात काँक्रीट हाच पाणी अडवणारा थर असतो आणि त्या गुळगुळीत प्लास्टिकशी काँक्रीट घट्ट धरत नाही, त्यामुळे पाइपाच्या बाहेरच्या अंगाने पाणी सावकाश आत झिरपते. त्याऐवजी पाणी रोखणारी कडी असलेले, याच कामासाठी बनवलेले फुटररोर (जोडण्या भिंतीतून आरपार नेण्यासाठीची नळी) काँक्रीट ओतण्याचे फर्मे बांधतानाच बसवून घ्यावे, किंवा भिंत तयार झाल्यावर डायमंड कोअर ड्रिलने नेमके भोक पाडून त्यात पाणी, वीज आणि इंटरनेट एकाच भोकातून आत आणणारा बहुजोडणीचा संच बसवावा. या संचातले रबर स्क्रूने आवळले की फुगून भोकाच्या कडेला घट्ट बसते.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. भविष्यासाठी ठेवलेल्या रिकाम्या नळीचे तोंडही बंद करावे लागते, नाहीतर भिंत कोरडी राहूनही पाणी नळीच्या पोटातून थेट तळघरात येते. घर गरम करणारा हीट पंप अंगणात बसणार असेल, तर त्याच्या नळ्यांसाठी वेगळा प्रवेश आताच आखून घ्या.

भिंतीबाहेरची भरावाची माती पुढे खचते आणि केबल खाली ओढते, म्हणून ती माती थराथराने दाबून भरली जात आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहावे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.