कंट्री आणि रूट्स संगीताची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: अमेरिकी कंट्री व रूट्स (लोकपरंपरेत मुळे असलेले) संगीत मला अपरिचित आहे. या प्रकारच्या बँडची मोजकी, परंतु ऐकलीच पाहिजेत अशी गाणी कोणी सुचवील का?

प्रतिसाद १: कार्टर फॅमिली या कौटुंबिक गायनसंचापासून सुरुवात करावी. १९२७ मध्ये अमेरिकेतील ब्रिस्टल येथे त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. १९२८ च्या ‘वाइल्डवुड फ्लॉवर’मध्ये संचातील मेबेल कार्टर अंगठ्याने गिटारच्या खर्जाच्या तारांवर चाल वाजवतात आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरतात, ही पद्धत पुढे असंख्य वादकांनी उचलली, म्हणून ते लक्षपूर्वक ऐकावे. मुद्रणात खरखर आहे, ती सोसावी.

प्रतिसाद २: नवख्या श्रोत्याला खरखर सोसायला लावणे मला पटत नाही. ‘द बँड’ याच नावाच्या गटाचे १९६८ मधील ‘द वेट’ आधी ऐकावे. पाचांपैकी चौघे कॅनडाचे आणि एकटे लेव्हॉन हेल्म अमेरिकेच्या दक्षिणेतील आर्कान्सॉ राज्याचे असूनही अमेरिकेच्या दक्षिणेचा सूर त्यांच्याइतका क्वचितच कोणाला सापडला असेल. ध्रुवपदात एकामागून एक मिसळणारे आवाज तर अप्रतिमच आहेत.

प्रतिसाद ३: पॉपकडे झुकणारे हवे असल्यास क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे १९६९ मधील ‘प्राउड मेरी’ घ्यावे. गाणे दक्षिणेतल्या नदीवरच्या बोटीचे, गाणारे मात्र दूरच्या कॅलिफोर्नियाचे!