जांभ्याच्या उतारावर रुई
विहिरीचे पाणी मार्चपासूनच खाली जात असल्यामुळे पाण्यावाचून तगणारे आणि फुलपाखरांना बोलावणारे देशी फुलझाड आपण विचारले आहे. त्यासाठी कोरांटी चांगलीच आहे. तथापि किनाऱ्यालगतच्या जांभ्याच्या जमिनीसाठी मी रुईला अग्रक्रम देईन. आपल्याकडे अशी झाडे उन्हापेक्षा पावसाळ्यात मुळाशी साचलेल्या पाण्यानेच अधिक मरतात, म्हणून ती गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला, उतारावर लावावी. मूळ खोल जात असल्याने रोप पिशवीत फार काळ अडकवून ठेवू नये. बोंड तडकले की रेशमी तंतूंसह उडू पाहणारे बी गोळा करून थेट जागेवर पेरणे बरे.

रुईचे परागकण सुटे नसतात, तर मेणचट पुंजक्यांच्या जोडीत बांधलेले असतात. मधासाठी फुलावर उतरलेल्या मोठ्या काळ्या भुंग्याच्या पायाला ही जोडी चिमट्यासारखी अडकते आणि पुढच्या फुलाच्या खाचेत जाऊन बसते. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात, त्यामुळे पाने कुरतडलेली दिसली म्हणून औषध फवारू नये. (शनिवारी मारुतीसाठी शेजारी पाने नेतात, तेवढी तोड झाडाला मानवते.) चीक मात्र डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ हे झाड लावू नये.