मदत हवी आहे : सासऱ्यांची आर्ट गॅलरी आवरतोय, इतरांच्या चित्रांचं काय करावं?

नमस्कार मंडळी. टिळक रस्त्याजवळची आमची छोटी गॅलरी सासरे गेल्यापासून बंद आहे. पुढे चालवणारं घरात कुणी नाही, त्यामुळे दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची ठरलंय. दिवे, फ्रेमा, ईझल यांची चिंता नाही, ते जाईल.

अडचण चित्रांची आहे. बरीचशी विक्रीसाठी ठेवायला दिलेली, म्हणजे मालकी चित्रकारांचीच. व्यवहार सगळा तोंडी. वहीत पेन्सिलीने नुसतं आडनाव. आता पुण्यात नुसत्या 'कुलकर्णी'वरून माणूस कसा शोधायचा! दीर म्हणतात, सरळ विकून टाका. मला ते पटत नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली तर पुरेल का? किती मुदत द्यावी? चित्रकार हयात नसतील तर वारसांकडून कोणते कागद मागावेत? असं काम केलेले वकील कुणाला माहीत आहेत का?

(कॅलेंडर छापायची सूचनाही आली होती. पण चित्र विकत घेतलं तरी लेखी करार नसेल तर कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे. म्हणून नाही म्हटलं.)

शिवाय काही जलरंगांवर पावसाळ्यात बुरशी आलीये. ती सध्या वेगळी, हवेशीर ठेवली आहेत, पुसलेली नाहीत. कागदावरच्या चित्रांचं जतन करणारं पुण्यात कुणी असेल तर कृपया सांगा, साधारण खर्चासकट.

आणि वहीतलं आडनाव तुमच्याच घरातलं वाटत असेल, तर मेसेज करा. फोटो पाठवते.